नाल्यापासून नळापर्यंत: बंगळुरूचे तलाव

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे आणि शहराला बारमाही नदी नाही. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, जवळपास अर्धा किलोमीटर उंच चढवून आणावे लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये या योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला आणि रोजच्या पुरवठ्यात ७७.५ कोटी लिटरची भर पडली. इतक्या महागाचे पाणी एकदा वापरून नाल्याला सोडणे शहराला परवडणारे नाही. म्हणून सांडपाणी शुद्ध करून तलावात सोडायचे, तिथून ते जमिनीत मुरू द्यायचे आणि विहिरीतून पुन्हा उपसायचे, अशी साखळी इथे उभी राहते आहे.

उत्तरेकडचा जक्कूर तलाव हा तिचा सर्वांत परिचित नमुना. तलावाच्या वरच्या अंगाला पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. त्याची मूळ क्षमता रोज एक कोटी लिटर. तिथून निघालेले पाणी थेट तलावात जात नाही. आधी ते उथळ पाणथळीतून, पाणकणसाच्या दाट बेटांमधून संथपणे सरकते. वेग मंदावला की गाळ खाली बसतो. मुळांवर वाढणारे जीवाणू उरलेली घाण खातात. वनस्पती नत्र आणि स्फुरद शोषून घेतात. मात्र ही वाढ वेळोवेळी कापून बाहेर काढावी लागते. तशीच कुजू दिली, तर शोषलेले सारे पुन्हा पाण्यात उतरते.

तलावाचे पाणी पुढे झिरपते ते मुरमाच्या थरात. बंगळुरूखालचा खडक ग्रॅनाइटच्या जातकुळीचा, कठीण. पण त्याच्या माथ्यावरचा झिजलेला थर पाणी धरतो. हजार-दीड हजार फुटांच्या बोअरवेलच्या नादात हा उथळ साठा शहर विसरले होते. त्याची ओळख टिकवली ती मन्नू वड्डर समाजाने. महाराष्ट्रातल्या माती वडारांसारखाच हा पिढ्यान्‌पिढ्या मातीकाम करणारा, विहिरी खणणारा समाज. कब्बन पार्कातल्या जुन्या विहिरींचा गाळ काढून त्या पुन्हा जिवंत केल्या त्या याच कारागिरांनी. शहरात पुनर्भरणासाठी ते सिमेंटच्या कड्या एकावर एक बसवत अरुंद विहिरी खणतात आणि तळ उघडा ठेवतात. पाणी मुरते ते तिथूनच. या कसबाला अभियंत्यांच्या आराखड्याइतकाच मान मिळायला हवा.

बंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीत ही साखळी नळापर्यंत पोहोचली. हेब्बाळ-नागवार खोऱ्यातले शुद्ध केलेले सांडपाणी बागलूरमार्गे सिहीनीरू तलावात आले, तसे काठच्या जुन्या विहिरीला पाणी चढले. विहीर साफ झाली, शेजारी शुद्धीकरण संयंत्र बसले. उपसलेले पाणी गाळून आणि निर्जंतुक करून गावाच्या पुरवठ्यात मिसळले जाते. तलाव आणि विहीर यांच्यामधली माती इथे आणखी एका गाळणीचे काम करते; संथ झिरपताना बरेच रोगजंतू मागे राहतात. बर्लिन शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग अशाच काठावरच्या विहिरींतून येतो. तिथल्या टेगेल तलावात शिरणाऱ्या पाण्यातला स्फुरद काढण्यासाठी १९८५ पासून स्वतंत्र संयंत्र चालते.

बंगळुरूची खरी काळजी मातीच्या या गाळणीच्या मर्यादांची आहे. माती जंतू अडवते, पण विरघळलेले क्षार अडवत नाही. नायट्रेटही सहज पार होते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. औषधांचे अंश आणि कारखान्यांतले जड धातू हा आणखी अवघड प्रश्न. कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातून रोज ४४ कोटी लिटर पाणी कोलारच्या तलावांना देण्याची योजना २०१८ मध्ये सुरू झाली आणि लवकरच तिथल्या लक्ष्मीसागर तलावावर फेस दिसला. पाण्यावर दुसऱ्या टप्प्यापर्यंतच प्रक्रिया होते, तिसरा टप्पाही हवा, ही तिथल्या शेतकऱ्यांची मागणी. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कोरडे तलाव भरले, भूजल वर आले, हे खरे. पण दूषित झालेले भूजल स्वच्छ करणे जवळपास अशक्य असते, त्यामुळे शेतकऱ्यांची शंका रास्तच म्हणावी लागते.

गाळाचा प्रश्न वेगळा. सांडपाण्यातला बारीक मळ तळाशी साचून थर धरतो आणि मुरणे थांबते. मग तलाव काठोकाठ भरलेला असूनही विहीर आटते. पावसाळ्यात नाल्याचे कच्चे सांडपाणी केंद्राला वळसा घालून तलावात घुसले, तर पाणथळीचीही शक्ती अपुरी पडते. त्यासाठी नाले अडवणे, गाळ काढणे आणि विहिरीचे पाणी सतत तपासणे आलेच. जंतूंची चाचणी स्वस्त आहे; धातू आणि औषधांच्या अंशांची महाग, आणि ती करायला प्रयोगशाळा लागते. ज्या छोट्या गावांना या पाण्याची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्या नगरपालिकांना हाच खर्च सर्वांत जड जातो.