कॉम्प्युटर बंद, पण माऊस चालूच! वायरलेस माऊसचा सेल लवकर का संपतो?

वैराग : पीक विम्याची शेवटची तारीख जवळ आली की सेवा केंद्रांसमोर रांग लागते. अशात एखाद्याचा अर्ज निम्मा भरून झाला अन् स्क्रीनवरचा बाण जागीच थांबला, तर मागच्या सगळ्यांचा खोळंबा होतो. माऊस आपटून बघतात, डोंगल काढून परत लावतात. शेवटी कळतं, सेल संपला. कॉम्प्युटर तर रोज रात्री नीट 'शट डाऊन' केलेला असतो. मग सेल गेला कुठं?

कॉम्प्युटर माऊस बंद करत नाही

वायरच्या माऊसला वीज कॉम्प्युटरकडून मिळते. वायरलेस माऊस मात्र स्वतःच्या सेलवर चालतो. कॉम्प्युटरमधला 'ड्रायव्हर' नावाचा प्रोग्राम हा विंडोज आणि माऊस यांच्यातला दुभाषा आहे. तो निरोप पोचवतो, सेलची वीज तोडू शकत नाही. ब्लूटूथच्या ठरलेल्या नियमांत 'झोप' आणि 'जागा हो' असे निरोप आहेत, 'पूर्ण बंद हो' असा सगळ्या माऊसना लागू होणारा निरोप नाही. झोपायचं कधी, हे बहुतेक वेळा माऊसच्या आतली चिपच ठरवते.

शेतातल्या मोबाईल स्टार्टरचंही असंच आहे. घरून फोन केला की मोटार थांबते, पण पेटीतला स्टार्टर पुढच्या फोनची वाट बघत जागाच असतो. तोही बंद करायचा तर मेन स्विच खाली ओढावा लागतो. झोपलेला माऊसही असाच थोडी थोडी वीज खात राहतो आणि जरा धक्का लागला की जागा होतो. माऊसचा मेन स्विच म्हणजे त्याच्या पोटाखालचं छोटं बटण.

ती खूण नेमकी कशाची?

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' या टॅबखाली दोन खुणा दिसतात. हा टॅब सगळ्याच लॅपटॉपवर दिसेल असं नाही.

पहिली खूण, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला कॉम्प्युटरला परवानगी द्या. यात माऊस बंद होत नाही. यूएसबी पोर्टवर ही खूण असेल तर तिथं लावलेलं डोंगल झोपतं, म्हणजे वाचते ती लॅपटॉपची बॅटरी. उलट कधी कधी डोंगल लवकर जागं होत नाही, माऊस अडखळतो आणि लोक चांगला सेल फेकून देतात. असं वारंवार होत असेल तर 'यूएसबी रूट हब'वरची ही खूण काढून बघावी.

दुसरी खूण, या उपकरणाला कॉम्प्युटर जागा करू द्या. लॅपटॉप 'स्लीप'वर ठेवून, डोंगल तसंच ठेवून, माऊससकट बॅगेत टाकला आणि वैरागहून एसटीनं सोलापूरला निघालं, तर धक्क्यानं माऊस हलतो आणि लॅपटॉप बॅगेतच जागा होतो. उतरेपर्यंत लॅपटॉप तापलेला आणि बॅटरी खाली. माऊसवरची ही खूण काढली की हा त्रास थांबतो.

मोबाईलला जोडलेला कीबोर्ड

मोबाईलवरून ब्लूटूथ कीबोर्ड 'डिस्कनेक्ट' केला तर फक्त जोडणी तुटते. गेमचे काही रिमोट जोडणी तुटल्यावर आपोआप बंद होतात, कारण कंपनीनं आत तशी सोय केलेली असते. सगळ्या कीबोर्डला ते लागू नाही. 'फरगेट' दाबलं तर जोडणी कायमची पुसली जाते आणि पुन्हा सुरुवातीपासून जोडावं लागतं. वीज वाचवायला त्याचा उपयोग नाही.

काय करावं?

- काम संपलं की माऊसखालचं बटण बंद करावं. बटण नसेल तर प्रवासात सेल काढून ठेवावा.
- शाळेतल्या कॉम्प्युटर खोलीत उन्हाळी सुट्टीपूर्वी सगळ्या माऊस-कीबोर्डचे सेल काढावेत. सेल आत राहून पाझरला तर पट्ट्या गंजतात आणि माऊस कायमचा बाद होतो.
- सेल बदलण्याआधी डोंगल दुसऱ्या पोर्टला लावून बघावं.
- अर्जांच्या गर्दीच्या दिवसांत केंद्रात एक वायरचा माऊस जवळ ठेवावा. त्याला सेल लागत नाही आणि रांगही थांबत नाही.