जुळी किती, दाखले किती?

धाराशिवच्या बाजारात उस्मानाबादी शेळी उभी राहिली की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "जुळी देते का?" मालक 'हो' म्हणाला म्हणून कोणी लगेच पैसे मोजत नाही. दात बघायचे, कास चाचपायची, कितवं वेत ते विचारायचं. आकडा ऐकायचा, पण जनावरही पारखायचं, ही बाजाराची रीत आहे.

शास्त्रज्ञाची पारख करताना मात्र आपण बऱ्याचदा आकड्यावरच सौदा उरकतो. एकाच्या शोधनिबंधाचा दाखला दुसऱ्याने आपल्या निबंधात दिला की ते एक उद्धरण झालं. युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये अशा दाखल्यांची सूची छापायला सुरुवात केली. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी त्यावरून एच-निर्देशांक काढला. तो २० असेल, तर त्या संशोधकाच्या २० निबंधांना प्रत्येकी निदान २० दाखले मिळाले आहेत.

हा आकडा काय सांगतो आणि काय गाळतो, ते त्या शेळीवरूनच बघू. शेळी माजावर येते ती मेंदूच्या हुकमाने. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस दहा अमिनो आम्लांचं एक छोटं संप्रेरक ठेक्याठेक्याने सोडतो. ते खालच्या पीयूषिका ग्रंथीला जागं करतं आणि तिथून निघालेली संप्रेरकं अंडाशयाला. मेंदू आणि ग्रंथी यांच्यातल्या या व्यवहाराचा अभ्यास म्हणजे चेता-अंतःस्रावशास्त्र.

हे संप्रेरक इतकं अल्प असतं, की अँड्र्यू शॅली यांच्या गटाने त्याची रचना १९७१ मध्ये उलगडली ती दीड लाखाहून अधिक डुकरांचे हायपोथॅलॅमस गोळा करून. शॅली यांचे एके काळचे सहकारी आणि पुढे प्रतिस्पर्धी झालेले रोजर गिलमँ मेंढ्यांच्या मेंदूंमागे लागले होते. १९७७ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग या दोघांत वाटला गेला, उरलेला अर्धा रोझलिन यालो यांना मिळाला.

आपल्याकडे हा धागा नागपूर विद्यापीठात पकडला गेला. निशिकांत सुभेदार आणि एन. एस. रामकृष्ण यांनी मागूर माशाच्या मेंदूत हे संप्रेरक नेमकं कुठे असतं, ते दाखवणारा निबंध १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. सुभेदारांनी पुढे दादासाहेब कोकरे यांच्यासोबत 'कार्ट' या चेतापेप्टाइडवर काम केलं, आणि नंतर पुण्याच्या 'आयसर' या विज्ञान संस्थेतही संशोधन चालू ठेवलं.

आता, मागुराच्या मेंदूवर काम करणारे जगात किती? कर्करोगावर काम करणारे किती? मागुरावरच्या निबंधाला मिळालेले पन्नास दाखले म्हणजे जवळपास सारी आळी जमा झाल्यासारखं. कर्करोगावरच्या निबंधाला पाचशे मिळाले तरी ती गर्दीतली एक रांग. कोणत्या शिवारातला आकडा आहे, हे न विचारता दोघांची तुलना करणं व्यर्थ.

शिवार बदललं तर आकड्याचं नशीबही बदलतं. अमेरिकेतल्या हर्शी गावी १९९६ मध्ये कर्करोगाचा फैलाव रोखणारं एक जनुक सापडलं. गावच्या प्रसिद्ध चॉकलेटवरून त्याचं नाव पडलं 'किस'. २००३ मध्ये दोन गटांनी दाखवलं, की त्याच्या प्रथिनाचा ग्राहक बिघडलेला असेल तर माणूस वयातच येत नाही. तेव्हापासून चेता-अंतःस्रावशास्त्रज्ञही त्या जुन्या निबंधाचा दाखला देऊ लागले. त्याआधीच्या सात वर्षांत कोणी फक्त उद्धरणं मोजली असती, तर हे पुढचं वेत त्याला दिसलंच नसतं.

आणि काही उपयोग कुठल्याच सूचीत चढत नाहीत. गाय वारंवार उलटत असेल, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येत असेल, तर पशुवैद्य त्याच दहा अमिनो आम्लांच्या संप्रेरकाचं किंवा त्याच्या कृत्रिम भावंडाचं इंजेक्शन देतो. मत्स्यबीज केंद्रात माद्यांना अंडी सोडायला लावणारी टोचणही त्याच कुळातली. पशुवैद्य निबंध लिहीत नाही. तो सिरिंज धुतो, शेतकऱ्याला तारीख सांगतो आणि पुढच्या गोठ्याकडे निघतो. त्याच्या वहीत गायीचा रंग आणि मालकाचं नाव असतं, शॅलींचं नसतं.