चिमुकल्या हातांची मदत

आश्विन पौर्णिमेच्या, म्हणजेच कोजागरीच्या रात्री सोलापूर ते तुळजापूर हा सुमारे ४५ किलोमीटरचा रस्ता पायी चालणाऱ्यांचा होतो. नवरात्रोत्सवानंतरच्या या पौर्णिमेस तुळजाभवानीच्या दर्शनासाठी सोलापूर शहरातून आणि कर्नाटकाच्या सीमाभागातून भाविक फार मोठ्या संख्येने चालत निघतात. वाहतूक अन्य मार्गांनी वळविली जाते. तामलवाडीसारख्या वाटेवरील गावांत रस्त्याच्या कडेला मांडव उभे राहतात. कोणी पाणी देतो, कोणी चहा, कोणी केळी वा फराळाचे पदार्थ, तर कोणी थकलेल्या पायांना तेल लावून देतो. घेणारा कोण, कोठला, हे कोणी विचारीत नाही.

या मांडवांत मोठ्या माणसांबरोबर लहान मुलेही असतात. चारपाच वर्षांचे मूल दोन्ही हातांत पेला धरून अनोळखी वाटसरूपुढे उभे राहते. पेल्यातील निम्मे पाणी वाटेतच सांडलेले असते. तरीही वाटसरू हसून पेला घेतो, दोन शब्द बोलतो आणि पुढे जातो. त्या रात्री मुलाला 'तू लहान आहेस, बाजूला हो' असे कोणी म्हणत नाही.

प्रश्न आहे तो वर्षाच्या उरलेल्या दिवसांचा. हेच मूल दुसऱ्या दिवशी सकाळी आजीला पाण्याचा तांब्या नेऊन द्यायला धावते, तेव्हा आपण त्याला काय म्हणतो? बहुतेक घरांत उत्तर ठरलेले असते: "सांडशील! ठेव तो तांब्या, जा खेळ." आई थकलेली असते, वडिलांना कामावर जायची घाई असते, धाकटे रडत असते. हे सारे खरे आहे. परंतु मदतीसाठी पुढे आलेला लहान हात रोजच मागे सारला गेला तर काय होते, याचा विचार लहान मुले असलेल्या प्रत्येक घराने करणे अगत्याचे आहे.

दया शिकवावी लागते काय?

आपली सर्वसाधारण समजूत अशी, की लहान मूल स्वार्थी असते आणि दुसऱ्याचा विचार करणे त्याला पुढे हळूहळू शिकवावे लागते. खेळण्यावरून चाललेली भांडणे पाहिली म्हणजे ही समजूत पक्की होते. पण ती अपुरी आहे, असे संशोधन सांगते.

जर्मनीतील लाइपझिग येथील माक्स प्लांक संस्थेतील फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या दोन अभ्यासकांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी दीड वर्ष वयाची २४ बालके निवडली. त्यांच्यासमोर एक अनोळखी मनुष्य दोरीवर कपडे वाळत घाली आणि त्याच्या हातून चिमटा खाली पडे. किंवा दोन्ही हातांत मासिकांचा गठ्ठा घेऊन तो बंद कपाटाशी येई आणि त्याला दार उघडता येत नसे. मदत करा, असे बालकांना कोणी सांगितले नव्हते आणि बक्षीसही ठेवले नव्हते. तरीसुद्धा २४ पैकी २२ बालकांनी निदान एका प्रसंगी उठून मदत केली. आणखी लक्षणीय गोष्ट म्हणजे, त्या माणसाने वस्तू मुद्दाम खाली टाकली असता बालके सहसा ती उचलून देत नसत. दुसऱ्याची अडचण कोणती आणि त्याची इच्छा कोणती, हा भेद त्या कोवळ्या वयातही त्यांना कळत होता.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली आणखी एक निरीक्षण मांडले. दोन वर्षांहून लहान मुलांना खाऊ दिला आणि नंतर तो एका बाहुलीला देण्याची संधी दिली, तेव्हा खाऊ मिळाल्यापेक्षा तो देताना मुलांचे चेहरे अधिक आनंदी दिसले. स्वतःच्या वाट्याचा खाऊ देताना तर हा आनंद अधिकच होता.

म्हणजे मदतीची ओढ मुलात पूर्वीपासूनच असते. घराचे काम आहे ते तिला वाव देण्याचे.

बक्षिसाचा मोह

येथे पालकांकडून एक चूक होण्याचा संभव असतो. मूल मदत करते आहे असे दिसताच आपण उत्साहाने चॉकलेट वा पैसे देऊ लागतो. 'ताटे मांडलीस तर गोळी देईन' हा सौदा घरोघरी चालतो. वर उल्लेखिलेल्या दोघा अभ्यासकांनी २००८ साली याचीही परीक्षा घेतली. सुमारे वीस महिन्यांच्या मुलांपैकी काहींना मदतीबद्दल वस्तुरूप बक्षीस दिले, काहींची केवळ तोंडी स्तुती केली, तर काहींना काहीच दिले नाही. पुढे बक्षिसे बंद झाल्यावर बक्षीस मिळालेली मुले इतरांपेक्षा कमी मदत करू लागली.

याचे कारण समजण्यासारखे आहे. आजीला पाणी देण्यातला आनंद आजीच्या तृप्त चेहऱ्यात असतो. मध्ये गोळी आली, की मुलाचे लक्ष आजीवरून गोळीकडे जाते आणि गोळी नसेल त्या दिवशी आजीलाही पाणी मिळत नाही. म्हणून मुलाला परिणाम दाखवावा: "आजीला तहान लागली होती, तू पाणी आणलेस, आता तिला बरे वाटले." एवढे पुरे आहे.

पाणी मोलाचे असते तेव्हा

'सांडू द्या, काय बिघडते?' असे शहरातील लेखकाने सांगणे सोपे आहे. तुळजापूर परिसरात ते तितके सोपे नाही. बालाघाटच्या डोंगररांगेवरील हा भाग अवर्षणप्रवण आहे. शेजारच्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे सर्वांच्या स्मरणात आहे. जेथे टँकरची वाट पाहून घागर भरावी लागते, तेथे सांडलेल्या तांब्यावर आई चिडली तर तिला दोष कसा द्यावा?

मार्ग काढता येतो तो कामाच्या निवडीत. मूल मदतीला आले की नकार देण्याऐवजी त्याच्या हाताला पेलेल असे काम द्यावे. पाणी द्यायचेच असेल तर मोठ्या तांब्याऐवजी लहान पेला, तोही अर्धा भरलेला असावा. कोरडी कामे तर अगणित आहेत.

दीड-दोन वर्षांच्या बालकाला धुतलेल्या कपड्यांसाठी एकेक चिमटा हातात देता येतो, वडिलांच्या चपला आणून ठेवता येतात, बटाटे टोपलीत टाकता येतात. तीनचार वर्षांचे मूल मटाराच्या शेंगा सोलते, कोथिंबिरीची पाने खुडते, जेवणाच्या वेळी ताटे-वाट्या मोजून मांडते. पाचसहा वर्षांच्या मुलाला लसूण सोलणे, अंथरुणाच्या घड्या घालणे, शेजारच्या काकूंकडे वाटीभर भाजी पोहोचवणे जमते. आई भाकरी थापत असता मुलाला पिठाचा छोटा गोळा द्यावा आणि त्याची वेडीवाकडी भाकरीही तव्यावर टाकावी. ती भाकरी वडिलांनी आवडीने खावी.

यात वेळ जातो, हे मान्य आहे. दहा मिनिटांच्या कामाला वीस मिनिटे लागतात. परंतु आपण होऊन मदत मागणारे हे वय लवकर सरते. दोन वर्षांचे मूल 'मी करतो' म्हणून हट्ट धरते. तेव्हा त्याला वारंवार परतवून लावले आणि दहाव्या वर्षी 'घरात काडीची मदत करीत नाही' अशी तक्रार केली, तर ते न्यायाचे होणार नाही. अमेरिकी अभ्यासक बार्बरा रोगॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोतील कुटुंबांचा अभ्यास केला. ज्या कुटुंबांत लहानपणापासून मुलांना मोठ्यांच्या कामात सामावून घेतले जाते, तेथील मुले पुढे न सांगता घरकामास हात लावतात, असे त्यांना आढळले. जुन्या मराठी घरांनाही ही रीत अनोळखी नाही. माजघरात आजीजवळ बसून तांदूळ निवडणारी नातवंडे असेच शिकत होती. आज घर लहान झाले, आजी दूर गेली आणि मुलाच्या हाती मोबाइल आला.

मदत आणि राबणूक

येथे एक सीमारेषा स्पष्ट केली पाहिजे. ऊसतोडणीच्या हंगामात, दिवाळीच्या सुमारास, मराठवाड्यातील अनेक कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. आईबाप फडात असता सातआठ वर्षांची मुलगी कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी आणते, चूल पेटवते. तिची शाळा सुटते. हिला आपण 'गुणाची पोर' म्हणतो. पण तिच्यावर लादलेला हा भार आहे, त्याला आपण ज्या मदतीविषयी बोलत आहोत ती मदत म्हणता येणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क आहे. मुलाची मदत त्याच्या खेळावर, झोपेवर वा शाळेवर आक्रमण करीत असेल, तर ती राबणूक होय.

दुसरी सीमारेषा मुलगा आणि मुलगी यांच्यातील आहे. ताटे मांडायला बहिणीने उठायचे आणि भावाने बसून राहायचे, असा पाठ घरातून मिळाला तर दया ही केवळ बायकांची जबाबदारी आहे असे दोघेही शिकतात. चिमटे भावालाही देता येतात. वडिलांनी स्वतः कपडे वाळत घातले, तर तो पाठ अधिक लवकर मनात ठसतो.

भावंडांच्या भांडणात काय करावे?

घरात नवे बाळ येते तेव्हा थोरल्याचे राज्य जाते. तो बाळाला चिमटा काढतो, पुन्हा बाटलीने दूध मागतो. 'तू आता मोठा झालास, शहाण्यासारखा वाग' हे वाक्य तेव्हा निष्फळ ठरते. त्याला बाळाच्या कामात वाटा द्यावा. दुपटे आणून देणे, बाळ रडले की खुळखुळा वाजविणे, आंघोळीनंतर टॉवेल धरणे. आणि दिवसातून थोडा वेळ आईने वा वडिलांनी केवळ त्याच्यासाठी राखून ठेवावा. ज्याला स्वतःला माया मिळते, त्याला ती देणे सोपे जाते.

बळजबरीच्या 'सॉरी'नेही फारसे साधत नाही. मूल शब्द उच्चारते आणि सुटते. त्याऐवजी "बघ, ताईला लागले आहे. तिला बरे वाटावे म्हणून तू काय करशील?" असे विचारावे. मूल ओला रुमाल आणील, फुंकर घालील वा आपले खेळणे पुढे करील. हीच खरी क्षमायाचना. आणि आपल्या हातून राग अनावर झाला असेल, तर मुलाची क्षमा मागण्यात आईवडिलांना कमीपणा वाटू नये.

आईवडिलांनाही दया हवी

सर्व उपदेश तरुण आईवडिलांनाच करावा आणि इतरांनी पाहत राहावे, हे योग्य नव्हे. रात्र रात्र जागलेल्या आईकडून संयमाची अपेक्षा करणाऱ्या शेजाऱ्याने तिच्या बाळाला अर्धा तास मांडीवर घेतले तर त्या संयमास बळ मिळेल. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशन या संस्थेने गावातील सामान्य महिलांना आरोग्याचे प्रशिक्षण देऊन 'भारतवैद्य' म्हणून उभे केले. डॉक्टर दूर असला तरी ओळखीची, आपल्याच गल्लीतील बाई दारी येते, यात मोठा दिलासा असतो. प्रशिक्षण नसलेल्यालाही थोडे करता येते. बाळंतिणीच्या घरी गरम जेवणाचा डबा द्यावा. एस. टी. त मूल घेऊन उभ्या असलेल्या बाईला जागा द्यावी. दवाखान्याच्या रांगेत तिला पुढे जाऊ द्यावे.

आपल्या धर्मग्रामातही हे लागू आहे. मिस्सा चालू असता बाळ रडू लागले की अनेक माना मागे वळतात आणि बिचारी आई बाळाला घेऊन बाहेर जाते. ती पुढच्या रविवारी येईलच असे नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१४ मध्ये सिस्टाइन चॅपेलमध्ये ३२ बालकांना बाप्तिस्मा दिला. तेव्हा, बाळांना भूक लागली असेल तर त्यांना निःसंकोच पाजावे, असे त्यांनी जमलेल्या मातांना सांगितले होते. एका सरकलेल्या बाकाने, एका हसऱ्या नजरेने हेच आपणही त्या आईला सांगू शकतो. शेजारी बसलेले आपले मूल आपण तिच्याशी कसे वागलो, हे पाहत असते.

सुज्ञ पालकहो, या आठवड्यात एवढे करून पाहावे. मुलासाठी रोजचे एक लहान काम ठरवावे, जे केल्याने घरातील कोणाची तरी खरोखर सोय होईल. ते काम वेडेवाकडे झाले तरी त्याच्यादेखत पुन्हा करू नये. रात्री झोपताना 'आज तुला कोणी मदत केली? तू कोणाला केलीस?' असे विचारावे आणि आपलेही उत्तर त्याला सांगावे. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी स्वतःला दोष न देता दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा.