मेन स्विच दोन तारा का तोडतो?

जुन्या वाड्यांत आणि चाळींत विजेच्या मीटरखाली अजूनही एखादी लाकडी फळी दिसते. तिच्यावर चिनीमातीचे पाच-सहा किटकॅट फ्यूज ओळीने बसविलेले असतात. घरात आधी दिवे आले, मग पंखे, इस्त्री, पाणी तापविण्याचा गीझर. आणि दर वेळी मीटरपासून एक नवी जोडणी काढली गेली. आता समजा, स्वयंपाकघरातील वायर जळू लागली. धुरात चाचपडत एकामागून एक फ्यूज ओढत बसायचे काय? मीटरमधून बाहेर पडणाऱ्या तारांवर, या सर्व फ्यूजांच्या आधी, एकच मेन स्विच बसविला तर सारे घर एका खटक्यात बंद करता येते. मात्र हा स्विच कसा असावा, हे ठरविण्यासाठी ओहमचा नियम आठवावा लागतो.

घरात येणाऱ्या दोन तारांपैकी एक फेज आणि दुसरी न्यूट्रल. न्यूट्रल तार रोहित्रापाशी जमिनीला जोडलेली असते, म्हणून तिचे विभव जमिनीच्या विभवाइतके, जवळजवळ शून्य असते. फेज आणि जमीन यांच्यात मात्र 230 व्होल्ट विभवांतर असते.

जुन्या फळ्यांवर पुष्कळदा या दोन्ही तारांत वेगवेगळे फ्यूज घातलेले आढळतात. दोन फ्यूज म्हणजे दुप्पट सुरक्षितता, असे कोणालाही वाटेल. पण शॉर्ट सर्किट झाले की दोन्ही फ्यूजमधून सारखाच प्रवाह जातो. त्यातला कोणता आधी वितळणार? ज्याची तार किंचित बारीक असेल तो! फेजमधला वितळला तर ठीक. न्यूट्रलमधला वितळला, तरीही दिवे विझतात, पंखे थांबतात आणि घरातील माणसे म्हणतात, ‘लाइट गेले.’

लाइट गेले, पण वीज गेलेली नाही. दिव्याचे बटण चालू आहे असे धरा. मंडल तुटल्यामुळे प्रवाह शून्य. प्रवाह शून्य म्हणून दिव्याच्या दोन टोकांमधील विभवांतरही शून्य, कारण विभवांतर म्हणजे प्रवाह गुणिले रोध. मग दिव्याचे एक टोक जमिनीच्या तुलनेत 230 व्होल्टवर असेल, तर दुसरेही तेवढ्यावरच असणार. म्हणजे जी तार एरवी निरुपद्रवी, तीही आता फेजइतकीच घातक झाली. अशा वेळी टेस्टर लावला तर तो दोन्ही तारांवर पेटतो, आणि नवशिक्या माणूस टेस्टरच बिघडला असे समजतो. स्टुलावर चढून होल्डर उघडणाऱ्याचा ओला हात तिला लागला, आणि शरीराचा रोध 1000 ओहम धरला, तर अंगातून 0.23 अँपिअर प्रवाह जाईल. हृदयाची लय बिघडून मृत्यू येण्यास एवढा प्रवाह पुरेसा आहे.

म्हणूनच एकटी न्यूट्रल तार कधीही तोडायची नाही. तोडायची तर फेजबरोबर, एकाच वेळी. 1956 च्या भारतीय वीज नियमांतही ही अट होती. मग न्यूट्रलला हातच न लावता फक्त फेज तोडली तर? कागदावर ते बरोबर आहे. पण जुन्या घरात कोणी तरी दुरुस्तीच्या वेळी दोन तारांची अदलाबदल केलेली असू शकते, आणि मग आपण ‘फेज’ म्हणून तोडलेली तार न्यूट्रलच निघते! यासाठी मेन स्विच डबल पोल हवा. त्यात दोन खटके एकाच दांडीने जखडलेले असतात.

आज हे काम बहुधा एमसीबी करतो. त्याच्या पोटात दोन पहारेकरी असतात. प्रवाह थोडा जास्त झाला तर द्विधातुपट्टी तापून हळूहळू वाकते आणि खटका पाडते. शॉर्ट सर्किट झाले तर विद्युतचुंबक तोच खटका क्षणार्धात ओढतो. 32 अँपिअरच्या ‘सी’ जातीच्या एमसीबीत हा चुंबक 160 ते 320 अँपिअरच्या दरम्यान जागा होतो. वारंवार पडतो म्हणून मोठ्या आकड्याचा एमसीबी बसविणे हा मात्र शुद्ध वेडेपणा. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट प्रवाहाला चौपट उष्णता. पुढची तार जेवढे सोसेल तेवढाच आकडा हवा.

आता वरचा 0.23 अँपिअर आठवा. 32 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागणार नाही. एमसीबी तारांचे रक्षण करतो, माणसाचे नाही. त्यासाठी आरसीसीबी नावाचे वेगळे साधन लागते. ते फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची तुलना करते आणि फरक 30 मिलिअँपिअरपर्यंत पोचण्याआधीच किंवा पोचताच मंडल तोडते. त्यालाही दोन्ही तारा त्याच्यामधून गेलेल्या लागतात, हे ओघानेच आले.

हे काम परवानाधारक वायरमननेच करावे. कारण मेन स्विच बंद केला तरी त्याच्या अलीकडचा, मीटरकडचा भाग वीजयुक्तच राहतो, आणि तो बंद करण्याचा अधिकार वीज कंपनीच्या माणसांचा असतो. घरात इन्व्हर्टर असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. मेन पाडल्यावर इन्व्हर्टरला वाटते, वीज गेली. आणि तो इमानाने बॅटरीतून 230 व्होल्ट त्याच तारांत सोडू लागतो. त्याचा स्विच वेगळा बंद करावा लागतो.