रंगाच्या व नादाच्या बाटल्या

वर्षाचें मूल दिसेल ती वस्तु उचलतें, हालवतें, आपटतें आणि अखेरीस तोंडांत घालतें. हा खोडकरपणा नव्हे. जगाची ओळख करून घेण्याची ही त्याची रीतच होय. पाणी, तेल, धान्य, वाळू यांची त्याला मोठी ओढ. परंतु हे जिन्नस मोकळे हातीं देण्याची सोय नसते. पारदर्शक बाटलींत ते घालून झांकण पक्कें बसविलें म्हणजे ही अडचण दूर होते.

कल्पना अगदींच नवी नव्हे. माँटेसोरीबाईंनीं १९०७ सालीं रोम शहरांत बालगृह उघडलें. त्यांच्या साधनांत निरनिराळे आवाज करणाऱ्या बंद डब्यांच्या जोड्या असत. मुलांनीं केवळ कानानें जोडी जुळवावयाची. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें, तेव्हां परिसरांत मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंपासूनच साधनें करण्यावर भर दिला.

बाटली जाड प्लास्टिकची घ्यावी, कांचेची नको. दोन भाग उकळून निवविलेलें पाणी, एक भाग ग्लिसरीन व चिमूटभर चमकी घालावी. चमकी प्रथम वरच तरंगते, कारण पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा तिला पेलून धरतो. साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाकतांच तो ताण सैल होतो व चमकी खालीं उतरूं लागते. ग्लिसरीन जितकें अधिक, तितकी ती सावकाश उतरते. रडणारें मूल हें पाहून हमखास शांत होतें असें कोणी सांगतात. आमचा अनुभव इतका उदार नाहीं. कधीं तें पाहत बसतें, कधीं बाटलीच भिरकावून देतें.

दुसऱ्या बाटलींत निम्में रंगीत पाणी व निम्में तेल घालावें. खाण्याचा रंग पाण्यांत विरघळतो, तेलांत नाहीं. आणि तेल हलकें म्हणून वर राहतें. आम्हीं हौसेनें खोबरेल घातलें आणि पौषांतल्या एका सकाळीं पाहतों तों वरचा निम्मा भाग पांढरा दगड! सुमारें २४ अंशांखालीं खोबरेल गोठतें, हें आम्हांस ठाऊक असावयास हवें होतें. घरांतील थोरल्या मुलांनीं मात्र बाटली उन्हांत ठेवून तें पुन्हा वितळतांना पाहिलें. शेंगदाण्याच्या तेलास ही अडचण येत नाहीं.

नादाच्या बाटल्यांत तांदूळ, हरभरे, वाळू घालावी. धान्य आधीं कडक वाळवावें, नाहीं तर महिन्याभरांत आंत किडे नांदूं लागतात. गुंजा दिसावयास कितीही सुंदर असल्या तरी त्या विषारी आहेत. बाटलींतही घालूं नयेत. लहान लोहचुंबक व घड्याळांतील चपटे सेल गिळले गेल्यास जिवावर बेततें, म्हणून तेही वर्ज्य समजावे.

झांकणाचे आटे कोरडे करून त्यांस पक्का चिकटविणारा लेप लावावा व वरून चिकटपट्टी गुंडाळावी. मग बाटली रात्रभर कागदावर उलटी ठेवावी. सकाळीं कागदावर डाग दिसला, तर ती मुलाच्या हातीं देऊं नये.