मायनर म्हणजे काय? – पदार्थ अभियांत्रिकीच्या निमित्ताने



बारावीचा निकाल लागला की आमच्या कार्यालयात पेढ्यांबरोबर प्रश्नही येतात. यंदा तिघा-चौघा पालकांनी एकच प्रश्न विचारला : "कॉलेजच्या माहितीपत्रकात मेकॅनिकलबरोबर मटेरियल्स इंजिनिअरिंगचे मायनर मिळेल असे लिहिले आहे. म्हणजे मुलाला दोन पदव्या मिळणार का?" उत्तर सरळ आहे : नाही. पदवी एकच, मेकॅनिकलची. मायनर म्हणजे तिच्या जोडीला दुसऱ्या शाखेतील मोजक्या विषयांचा अभ्यास केल्याची अधिकृत नोंद. ही नोंद मोलाची आहे, पण ती फुकट मिळत नाही. तिची किंमत आधी समजावी म्हणून हा लेख.

प्रथम विषय पाहू. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे या शास्त्राला 'धातुकर्म' म्हणत, मराठीत आपण धातुशास्त्र म्हणतो. आता त्यात धातूंबरोबर प्लास्टिक, सिरॅमिक, काच, अर्धवाहक हे सारे आले, म्हणून नाव झाले पदार्थ अभियांत्रिकी. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात हे शास्त्र होतेच. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो म्हणून कल्हई लावत, म्हणजे आतून कथिलाचा पातळ थर देत. आजचे स्टेनलेस स्टील गंजत नाही, कारण त्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते आणि त्याच्या ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा पृष्ठभागाला जपतो. लोहार पुरेसे कार्बन असलेले पोलाद लाल करून पाण्यात बुडवतो तेव्हा ते कठीण होते. तेच पोलाद सावकाश थंड केले तर मऊ राहते. घटक तेच, पण आतली रचना बदलली आणि गुण बदलले. घडण, रचना आणि गुण यांचे हे नाते समजून घेणे हाच या विषयाचा गाभा.

आपल्या बडोद्याला हा विषय परका नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले. पहिले प्राचार्य प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह असा, की हुन्नर शिकवायचा तो लोकांच्या भाषेतून. मुंबईत चाफेकर बंधूंनी व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले होते, ते काढून पुतळा स्वच्छ करणारे रसायनतज्ज्ञ हेच गज्जर. संगमरवर आम्लात विरघळतो. डांबर जावे आणि दगड राहावा, यासाठी दोन्ही पदार्थांचा स्वभाव ठाऊक हवा. ते कलाभवन पुढे महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत सामील झाले. तिथे आज धातुशास्त्र व पदार्थ अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. ज्याला हाच विषय मनापासून शिकायचा आहे त्याने मायनरच्या आडवाटेने न जाता या शाखेलाच प्रवेश घ्यावा, हे आमचे पहिले सांगणे.

मग मायनर कोणासाठी? ज्याची मुख्य शाखा दुसरी आहे, पण कामात पदार्थांशी गाठ पडणार आहे, त्याच्यासाठी. आपल्या गोरव्याच्या बीआयडीसी वसाहतीत एखाद्या यंत्राचा शाफ्ट तुटला, तर त्यावर किती भार होता हे मेकॅनिकलचा अभियंता काढील. भार बेताचा असूनही तो का तुटला, उष्णता देताना चूक झाली की आत सूक्ष्म तडा होता, हे पदार्थशास्त्र सांगते. केमिकलवाल्याला नळ्यांचा गंज समजायला हवा, इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला सिलिकॉन.

आता अटी. एआयसीटीईच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमाप्रमाणे अभियांत्रिकीची पदवी १६० क्रेडिटची असते. आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे एक क्रेडिट, दोन तास प्रॅक्टिकल म्हणजेही एक क्रेडिट. मायनरसाठी या १६० वर आणखी साधारण १८ ते २० क्रेडिट मिळवावे लागतात, म्हणजे सहा-सात विषय. १६० ला आठ सत्रांनी भागले तर एका सत्राला २० क्रेडिट येतात. म्हणजेच मायनर घेणारा विद्यार्थी नऊ सत्रांचा अभ्यास आठ सत्रांत करतो. हा एक हिशेब पालकांनी विसरू नये.

विषय साधारण असे असतात : पदार्थांची रचना व गुणधर्म, ऊष्मागतिकी व अवस्थांतरे, यांत्रिक वर्तन, घडवण्याच्या प्रक्रिया, सूक्ष्मदर्शक व क्ष-किरणांनी तपासणी आणि पॉलिमर, सिरॅमिक किंवा गंजशास्त्र यांतील एखादा निवडक विषय. मुख्य शाखेत मोजलेला विषय सहसा पुन्हा मायनरमध्ये धरत नाहीत. बहुतेक कॉलेजांत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नाव नोंदवता येते. त्यासाठी चांगली गुणसरासरी आणि एटीकेटी नसणे ही अट असते. काही विषय एनपीटीईएलवरून घेता येतात. तिथे १२ आठवड्यांचा विषय ३ क्रेडिटचा मानतात, मात्र कॉलेजची संमती आधी घ्यावी लागते.

दोन ठिकाणी गोंधळ होतो. बी.एससी.सारख्या पदव्यांत यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणे मायनरचे क्रेडिट (तीन वर्षांत २४, चार वर्षांत ३२) एकूण बेरजेच्या आतच असतात. अभियांत्रिकीत एआयसीटीईच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमाप्रमाणे ते वरचे असतात. दुसरे, क्रेडिट मोजण्याची रीत सर्वत्र सारखी नाही. आयआयटी मुंबईत एकाच विषयाला सहा किंवा आठ क्रेडिट असतात. तेव्हा आकडा न पाहता विषय किती ते पाहावे.

आमचा एक माजी विद्यार्थी बाहेरगावी मेकॅनिकलला होता. नाव भारदस्त वाटले म्हणून त्याने मायनर घेतले. वेळापत्रक जुळले नाही, मायनरच्या तासांपायी मुख्य शाखेचे तास बुडाले आणि पाचव्या सत्रात दोन एटीकेटी लागल्या. शेवटी दोन विषय करून मायनर सोडले, जादा फी गेली ती गेलीच. वडील आमच्यासमोर बसून एवढेच म्हणाले, "आम्हाला कोणी सांगितलंच नाही हो." त्या मुलाला त्या दोन विषयांत गोडी होती, हे विशेष. चूक विषयाची नव्हती, न विचारण्याची होती. शाळा सोडून गेलेल्या मुलालाही हे सांगणे आपलेच काम होते, असे आम्हाला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

म्हणून प्रवेशाच्या वेळी हे चार प्रश्न विचारा :

१) मायनरचे विषय कोणते, आणि ते शिकवणारा विभाग व प्रयोगशाळा त्याच कॉलेजात आहे का?
२) तास मुख्य शाखेच्या वेळापत्रकात बसतात का?
३) जादा फी किती?
४) मध्येच सोडले तर केलेल्या विषयांची नोंद गुणपत्रकात राहते का?

नोकरीच्या जाहिरातीत 'अमुक शाखेचीच पदवी' असे असेल तर मायनर पुरेलच असे नाही. पुढे गेट परीक्षेत मात्र मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यालाही धातुशास्त्राचा पेपर निवडता येतो. तिथे ही तयारी उपयोगी पडते.

अकरावी-बारावीच्या मुलांना एकच सांगणे. भौतिकशास्त्रातील ताण आणि लवचिकता हे धडे परीक्षेपुरते पाठ करून सोडू नका. मायनरचा पाया तिथेच आहे. आणि विश्वस्त मंडळाला विनंती, की दिवाळीच्या सुट्टीपूर्वी अभियांत्रिकीला असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना एका शनिवारी शाळेत बोलवावे. छापील माहितीपत्रक जे सांगत नाही ते ही मुले सांगतील.