आधी निकष, मग जागा

लंडन : २००१च्या सार्वत्रिक निवडणुकीत टोनी ब्लेअर यांचा मजूर पक्ष देशभर जिंकला, वायर फॉरेस्ट या मतदारसंघात मात्र त्यांच्याच सरकारातल्या एका कनिष्ठ मंत्र्याला सतरा हजारांहून अधिक मतांनी हार पत्करावी लागली. हरवणारे रिचर्ड टेलर हे निवृत्त डॉक्टर. त्यांच्यामागे मोठा पक्ष नव्हता आणि मुद्दाही एकच होता: किडरमिन्स्टर गावच्या हॉस्पिटलातला अपघात विभाग बंद करून तातडीची सेवा वूस्टरला का हलवली? दोन गावांमधले अंतर जेमतेम पंचवीसेक किलोमीटर. तरीही लोकांचा राग ओसरला नाही; २००५मध्ये त्यांनी टेलर यांना पुन्हा निवडून दिले. हॉस्पिटल कुठे असावे हा प्रश्न ब्रिटनमध्ये मंत्र्यांच्या खुर्चीपर्यंत पोहोचतो. म्हणूनच तो सोडवण्याच्या रीती या देशाला पुन्हा पुन्हा तपासाव्या लागल्या. काही टिकल्या, काही फसल्या. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या वाचकांना आज दोन्हींचा उपयोग आहे.

त्याचे कारण उघड आहे. ६ मे २०२५ रोजी चौंडीला झालेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत अहिल्यानगरसाठी शंभर विद्यार्थ्यांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडून ४३० खाटांचे रुग्णालय मंजूर झाले. जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, १७,०४८ चौरस किलोमीटरचा. तालुके चौदा आणि लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार ४५ लाखांवर. वायव्य टोकाला सह्याद्रीच्या कुशीतला अकोले, आग्नेय टोकाला बालाघाटाच्या पायथ्याचा जामखेड. एवढ्या पसाऱ्यात मोठी आरोग्यसेवा येणार म्हटले की चर्चा ठरलेल्या वळणावर जाते: उत्तरेला की दक्षिणेला, कोणाच्या मतदारसंघात, कोणाच्या शब्दाखातर. माझे म्हणणे असे की हा वाद चुकीच्या टोकापासून सुरू होतो. कोणती शस्त्रक्रिया दूर नेली तरी चालते आणि कोणती नेता येत नाही, हे आधी ठरले पाहिजे. रुग्णाला लागणारा वेळ तालुकावार मोजला पाहिजे. ते निकष जाहीर झाले पाहिजेत. जागेचा नंबर त्यानंतर लागतो.

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली तेव्हा उपचार सर्वांना मोफत झाले, पण हॉस्पिटले जिथे होती तिथेच राहिली. श्रीमंतांच्या देणग्यांवर वाढलेली मोठी रुग्णालये लंडन आणि भोवतालच्या भागात, तर कोळशाच्या खाणी आणि गिरण्यांच्या गावांत जुन्या इमारती. १९६२मध्ये आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी आराखडा मांडला: लाख ते दीड लाख लोकांमागे सहाशे ते आठशे खाटांचे एक जिल्हा रुग्णालय. इमारती उठू लागल्या, तरी पैशाचे वाटप मागच्या वर्षीच्या खर्चावरूनच होत राहिले. ज्याच्याकडे जास्त होते त्याला जास्त मिळत गेले. १९७१मध्ये वेल्समधल्या एका खाणगावात दवाखाना चालवणारे डॉ. ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहून दाखवले की जिथे आजार जास्त तिथे चांगली सेवा कमी, आणि सेवा बाजारावर सोडली की ही दरी आणखी रुंदावते. त्यानंतर १९७६मध्ये सरकारी कार्यगटाने वाटपाचे नवे सूत्र दिले. प्रत्येक विभागाची लोकसंख्या घ्यायची, तिला वय, स्त्री-पुरुष प्रमाण आणि मृत्युदराचे वजन लावायचे आणि त्या मापाने पैसा द्यायचा. लंडनची वाढ रोखली गेली, तिथे आरडाओरडा झाला, पण आकडे सर्वांसमोर असल्याने वाद आकड्यांवर झाला.

महाराष्ट्राला ही भाषा नवी नाही. प्रादेशिक अनुशेष मोजण्यासाठी वि. म. दांडेकर समितीने १९८४मध्ये जिल्हा हे माप धरले, आणि नगर जिल्ह्याची अडचण नेमकी तिथेच झाली. प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांचे पाणी, भंडारदऱ्याचे धरण, प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना यांमुळे उत्तरेचा मोठा पट्टा सुधारला. पाथर्डी, कर्जत, जामखेड, पारनेर हा भाग पर्जन्यछायेतच राहिला. दोन्हींची बेरीज करून सरासरी काढली की जिल्हा ठीकठाक दिसतो आणि जामखेडचा माणूस कागदावरून नाहीसा होतो. पलीकडचा आष्टी तालुका मराठवाड्यात मोडतो म्हणून त्याच्या मागासपणाची नोंद तरी होते. त्याला लागून असलेला, तसाच कोरडा तालुका 'उर्वरित महाराष्ट्रा'त मोडतो म्हणून मागे पडतो. विजय केळकर समितीने २०१३मध्ये तालुका हे माप धरण्याचा आग्रह धरला तो यासाठीच. तालुका धरला की आणखी एक गोष्ट दिसते: उत्तर म्हणजे सगळी सुखवस्तू नव्हे. अकोले तालुक्यातल्या राजूरपलीकडच्या आदिवासी वाड्या नकाशावर उत्तरेला आहेत, पण त्यांची गरज जामखेडच्या जवळची आहे. म्हणून उत्तर विरुद्ध दक्षिण ही मांडणी न्यायाच्या दृष्टीनेही अपुरी पडते.

मग प्रत्येक तालुक्याला सगळे द्यावे का? इथे ब्रिस्टलचा कटू अनुभव सांगितला पाहिजे. तिथल्या रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया होत. चौकशी समितीने २००१मध्ये निष्कर्ष काढला की १९९१ ते १९९५ या काळात तिथे एक वर्षाखालील तीस ते पस्तीस बालके अशी दगावली की ती इतर केंद्रांवर बहुधा वाचली असती. अशा नाजूक शस्त्रक्रियांना सराव लागतो, रोज तेच काम करणारा चमू लागतो. थोड्या रुग्णांवर चालणारी बरीच केंद्रे ही लोकांना जवळची वाटली तरी धोक्याची असतात. पक्षाघाताच्या उपचारांनीही हेच दाखवले. २०१०मध्ये लंडनने तीसेक हॉस्पिटलांत विखुरलेली पहिल्या काही तासांची सेवा आठ केंद्रांत एकवटली आणि शहरातल्या प्रत्येकाला अर्ध्या तासात रुग्णवाहिकेने तिथे पोहोचता येईल अशी आखणी केली. मृत्यू कमी झाले. मँचेस्टरने त्याच सुमारास काही रुग्णांपुरतीच ही व्यवस्था केली. तिथे मृत्युदरावर तसा ठळक परिणाम दिसला नाही. केंद्रीकरण फळले ते सर्व रुग्णांना वेळेत तिथे पोहोचवण्याची हमी असल्यामुळे, हा त्यातला मोलाचा धडा.

ब्रिस्टलनंतरचा पुढचा टप्पा मात्र निकष कसे वापरू नयेत याचा नमुना ठरला. मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेची केंद्रे कमी पण बळकट करायची, प्रत्येकाकडे किमान चार शल्यविशारद आणि वर्षाला चारशे शस्त्रक्रिया हव्यात, असे ठरले. तज्ज्ञांच्या मंडळाने प्रत्येक केंद्राला गुण दिले आणि जुलै २०१२मध्ये लीड्स, लेस्टर आणि लंडनचे रॉयल ब्रॉम्प्टन इथल्या शस्त्रक्रिया थांबवण्याचा निर्णय झाला. यॉर्कशरच्या मुलांनी दीडेकशे किलोमीटरवरच्या न्यूकॅसलला जावे, अशी अपेक्षा होती. लीड्सकरांनी विचारले, आमच्या परिसरात वस्ती दाट असताना मुलांनी का हलायचे, आणि आम्हाला गुण कमी पडले ते नेमके कशात? एकूण गुण जाहीर झाले होते. प्रत्येक निकषाखालचे पोटगुण दाखवले गेले नव्हते. लोक उच्च न्यायालयात गेले. मार्च २०१३मध्ये न्यायालयाने ही विचारविनिमयाची प्रक्रिया अन्यायकारक ठरवली, कारण ज्या तक्त्यावर निर्णय झाला तोच तक्ता बाधित पक्षापुढे ठेवला नव्हता. पुढे जूनमध्ये स्वतंत्र मंडळाच्या अहवालानंतर आरोग्यमंत्र्यांनी सगळी योजना स्थगित केली. लीड्सचे केंद्र आजही चालू आहे. वैद्यकीय हेतू योग्य असूनही सुधारणा वर्षानुवर्षे लांबली. ज्यांची सेवा जाणार त्यांना हिशेब दाखवणे हे सौजन्याचे काम नसून निर्णय टिकण्याची पूर्वअट आहे.

आता हे माप आपल्या जिल्ह्याला लावून पाहू. २०१५मध्ये 'लॅन्सेट'च्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने तीन शस्त्रक्रिया कसोटीच्या मानल्या: सिझेरियन, पोट उघडून करायची तातडीची शस्त्रक्रिया आणि हाड बाहेर आलेल्या अस्थिभंगावरचे उपचार. ही तीन कामे जिथे होतात तिथे बाकीची बहुतेक नेहमीची कामे होऊ शकतात, आणि ती प्रत्येकाला दोन तासांच्या आत मिळाली पाहिजेत. दोन तासांचा हा आकडा हवेतला नाही. प्रसूतीनंतरचा जोरदार रक्तस्राव तेवढ्याच वेळात बाईचा जीव घेऊ शकतो. जामखेड ते नगर साधारण पंचाहत्तर किलोमीटर, अकोल्याहून नगर शंभरावर. गाडी मिळेपर्यंतचा वेळ, वाटेतल्या दवाखान्यात 'नगरला न्या' म्हणून चिठ्ठी मिळेपर्यंतचा वेळ आणि तिथल्या जिल्हा रुग्णालयात पोहोचल्यावर भूलतज्ज्ञ येईपर्यंतचा वेळ धरला, तर दोन तास रस्त्यातच संपतात. म्हणून मेंदूच्या, हृदयाच्या, कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि सांधेबदल एका मोठ्या केंद्रात असावेत. तिथे रुग्ण ठरवून, तयारीनिशी जातो. अडलेली बाळंतीण, फुटलेले आतडे आणि ऊसतोडीच्या गाडीखाली चिरडलेला पाय यांना थांबता येत नाही. त्यांच्यासाठीचे शस्त्रक्रियागृह तालुक्यांच्या अशा गटांत हवे की कोणतेही गाव रात्री दोन वाजताही दोन तासांच्या आत असेल.

आजची मांडणी पाहिली तर नगर ते शिर्डी हा एक कणा दिसतो. नगर शहरात जिल्हा रुग्णालय, आनंदऋषीजी हॉस्पिटल आणि बूथ हॉस्पिटल. शहराबाहेर विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालय. लोणीला प्रवरा संस्थेचे मोठे रुग्णालय. शिर्डीला साईबाबा संस्थानची रुग्णालये. ही सगळी मोलाची आहेत आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेने अनेकांना तिथली दारे उघडली. पण योजनेचे कार्ड रुग्णाचा खर्च भागवते, अंतर कमी करत नाही. ज्या पट्ट्यात शस्त्रक्रिया करणारे संलग्न हॉस्पिटल नाही तिथे विम्याचा हक्क कागदावर राहतो, आणि पैसा हॉस्पिटलांच्या मागे म्हणजे पुन्हा त्याच कण्याकडे वाहतो. ट्युडर हार्ट यांनी पन्नास वर्षांपूर्वी मांडलेला नियम आपल्या जिल्ह्यात असा दिसतो.

यावर पहिला आक्षेप येईल की ब्रिटन श्रीमंत देश, तिथल्या रुग्णवाहिकांची आणि रस्त्यांची तुलना आपल्याशी कशी करायची? तुलना नाहीच, आणि त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. महाराष्ट्राची १०८ सेवा २०१४मध्ये सुरू झाली तेव्हा सगळ्या राज्याला मिळून ९३७ रुग्णवाहिका होत्या. जिथे पोहोचवण्याची व्यवस्था विरळ तिथे तातडीची शस्त्रक्रिया आणखी जवळ हवी. लंडनचे केंद्रीकरण लंडनच्या रुग्णवाहिकांसह आणता येत नसेल, तर ते अर्धेच आणणे घातक आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तालुक्याला शस्त्रक्रियागृह बांधाल, पण सर्जन आणि भूलतज्ज्ञ राहतील का? ग्रामीण रुग्णालयांची श्रेणीवाढ होते, फीत कापली जाते, पदे रिकामी राहतात आणि टेबलावर धूळ बसते, हे कोणीही नाकारणार नाही. इमारत म्हणजे सेवा नव्हे याची किंमत जिल्ह्याने ६ नोव्हेंबर २०२१ रोजी मोजली. जिल्हा रुग्णालयात कोविडकाळात उभारलेल्या अतिदक्षता विभागाला आग लागून त्या दिवशी अकरा रुग्ण गेले. म्हणूनच चौदा ठिकाणी अर्धवट काही करण्यापेक्षा तीन-चार ठिकाणी पूर्ण चमू द्यावा: सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि रक्तसाठा. यांतले एक नसले तरी बाकीचे हात बांधून बसतात. नव्या महाविद्यालयाचा खरा उपयोग इथे आहे. तिथल्या विभागांना या केंद्रांची जबाबदारी पहिल्या दिवसापासून नेमून दिली, डॉक्टर पाळीपाळीने महिना-दोन महिने तिथे गेले, तर एकट्याला गावात अडकवण्याचा प्रश्न उरत नाही. आणि माणसे टिकतच नाहीत म्हणावे, तर रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य १९७०मध्ये जामखेडलाच आले, तिथेच हॉस्पिटल चालवले, गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले आणि त्या कामाला १९७९चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सगळे डॉक्टर आरोळे होणार नाहीत; पण जागेचा दोष सांगून सरकारलाही सुटता येणार नाही.

तिसरा आक्षेप उत्तरेतून येतो: आमच्याकडे सोयी आधीच आहेत, तिथेच वाढवले तर खर्च कमी. दक्षिणेतून उलट म्हणतात की त्यांना पुरेसे मिळाले, आता सगळे इकडे द्या. पहिल्या युक्तिवादाने ब्रिटनची वीस-पंचवीस वर्षे लंडनला आणखी मोठे करण्यात गेली. दुसऱ्याने ब्रिस्टलसारखी दुबळी केंद्रे जन्माला येतात आणि अकोल्याचा आदिवासी पुन्हा राहून जातो. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांसाठी नगर शहर मला रास्त वाटते. ते जिल्ह्याच्या मध्याशी आहे, रस्ते तिथे मिळतात, आणि आष्टीसारख्या शेजारच्या जिल्ह्यातल्या तालुक्यांचे रुग्णही पूर्वीपासून तिथेच येतात. पण हे रास्तपण एका अटीवर टिकते: त्याच मंजुरीच्या आधाराने दक्षिणेला जामखेड-कर्जतच्या पट्ट्यात आणि वायव्येला अकोल्याकडे चोवीस तास चालणारी तातडीची शस्त्रक्रिया केंद्रे त्याच वेळी उभी राहिली पाहिजेत. आधी मोठे रुग्णालय, मग उरल्यास तालुके, हा क्रम लागला तर तालुक्यांच्या वाट्याला काही उरत नाही.

यासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हा प्रशासनाने आणि आरोग्य विभागाने चौदा तालुक्यांचा एक तक्ता मराठीत जाहीर करावा. दर तालुक्यातून रात्री सिझेरियन होणाऱ्या सर्वांत जवळच्या ठिकाणी किती वेळात पोहोचता येते, तिथे भूलतज्ज्ञ हजर असतो का, रक्त मिळते का, वर्षात किती रुग्ण पुढे पाठवले जातात, एवढे चार-पाच स्तंभ पुरे. त्याशेजारी प्रत्येक प्रस्तावित जागेला कोणत्या निकषावर किती गुण दिले तेही छापावे आणि अंतिम निर्णयाआधी ग्रामसभांना, डॉक्टरांच्या संघटनांना आणि लोकप्रतिनिधींना उत्तर द्यायला पुरेसा वेळ द्यावा. आमदार-खासदार आपापल्या भागासाठी भांडतील, आणि त्यांनी भांडावेच. पण ते तक्त्यातल्या आकड्यावर बोट ठेवून भांडले तर ज्याचा आकडा सर्वांत वाईट त्या तालुक्याचा नंबर पहिला लागेल. तो तालुका माझा नसेल तरी मला मान्य आहे, असे जिल्ह्यातल्या नागरिकाला म्हणता आले, तर त्या निर्णयाला न्याय्य म्हणता येईल. ही मागणी करण्याची वेळ पायाभरणीच्या आधीची असते, म्हणजे आत्ताची.